भुकेले मूल आणि एच.आय.व्ही.

"पोरगी खातीया, खरं अंगाला लागंना." सदलगा परिसरात मुलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला हे वाक्य नवे नाही. २००१ साली दूधगंगेकाठच्या एका खेड्यातून आलेल्या आजीच्या तोंडून ते ऐकले, तेव्हा मीही विशेष दचकलो नाही. नात चार वर्षांची, वजन नऊ किलो, तोंडात पांढरा थर, कानातून पू. वडील ट्रक चालवीत. ते आधीच गेले होते. आईला क्षय झाला होता, तीही गेली. मी सुकटीचे निदान केले. मॉन्टू चाचणी नकारात्मक आली, पण छातीच्या क्ष-किरण चित्रात डाग होता आणि घरात क्षयाचा इतिहास होता, म्हणून क्षयाची औषधे सुरू केली आणि आहार ठरवून दिला. दोन महिन्यांत वजन दीड किलोने वाढले. मी समाधानी होतो. तिसऱ्या महिन्यात न्यूमोनियाने मुलगी दगावली.

तिची एच.आय.व्ही. तपासणी मी केलीच नव्हती. उपासमार समोर इतकी स्पष्ट दिसत होती की दुसरे कारण शोधावे असे वाटले नाही. शिवाय, खरे सांगायचे तर, दोन मृत्यू पचवलेल्या त्या म्हातारीला तो प्रश्न कसा विचारावा हेच मला सुचले नव्हते. आज ती टिपणे मनात उलगडली की आई, वडील, तोंडातला थर, वाहणारा कान, सारे एकाच दिशेला बोट दाखवतात. खात्री मात्र आता कधीच होणार नाही.

त्या काळी निदान होऊनही फारसे काही करता आले नसते, असा युक्तिवाद मी स्वतःशी पुष्कळदा केला आहे. तो पूर्ण खरा नाही. २००१ सालीच 'सिप्ला' या भारतीय कंपनीने तीन औषधांचा संयोग वर्षाला साडेतीनशे डॉलर इतक्या किमतीत सेवाभावी संस्थांना देऊ केला होता. पण शेतमजुराच्या घराला तीही रक्कम आवाक्याबाहेरचीच. सरकारी मोफत उपचार १ एप्रिल २००४ पासून सुरू झाले; पहिल्या राज्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही होते. मुलांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय उपक्रम नोव्हेंबर २००६ मध्ये आला. तोपर्यंत मोठ्यांच्या गोळ्या मोडून वजनाच्या अंदाजाने देणे चाले. पण को-ट्रायमॉक्साझोल हे औषध तर २००१ सालीही आपल्या प्रत्येकाच्या कपाटात होते. झांबियात झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एच.आय.व्ही.बाधित मुलांना ते रोज दिल्यावर मृत्यूंचे प्रमाण ४३ टक्क्यांनी घटले. इतके स्वस्त औषध, इतका मोठा लाभ! अट एवढीच, की मूल बाधित आहे हे ठाऊक हवे.

आता या दोन व्याधी एकमेकींना कशा झाकतात ते पाहू. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी तिथे परिपक्व होतात. तीव्र कुपोषणात ही ग्रंथी इतकी आक्रसते की जणू शस्त्रक्रियेने काढून टाकावी. आतड्याचे अस्तर पातळ होते, त्यावर पहारा देणारी प्रतिद्रव्ये कमी पडतात. एच.आय.व्ही. त्याच टी-पेशींपैकी सी.डी.४ पेशींचा नाश करतो. म्हणजे विहिरीचा उपसा रात्रंदिवस चालू आणि तळाचे झरेही आटलेले. त्यात ऊर्जेची गरज वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने लक्षणे नसलेल्या बाधित मुलालाही सुमारे १० टक्के जास्त ऊर्जा लागते आणि वजन घटत असेल तर ५० ते १०० टक्के जास्त. आतड्यातून अन्न नीट शोषले जात नाही ते वेगळेच. आजीचे ते वाक्य शब्दशः खरे होते. नात खात होती आणि अंगाला लागत नव्हते.

मॉन्टू चाचणी नकारात्मक येण्याचे कारणही इथेच आहे. ती चाचणी टी-पेशींच्या जोरावर उमटते. पेशीच दुबळ्या असतील तर क्षय असूनही हात कोरा राहतो. कोऱ्या हातावर विसंबू नये हे आपण सगळे जाणतो. तो हात कोरा का राहिला हे विचारायचे राहून जाते. तान्ह्या बाळाची अडचण निराळी. आईची प्रतिद्रव्ये बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, म्हणून त्या वयात प्रतिद्रव्यांची चाचणी सकारात्मक आल्यावर बाळ बाधित आहेच असे म्हणता येत नाही. त्यासाठी विषाणूचा अंश शोधणारी पी.सी.आर. तपासणी करावी लागते. तिथे दिरंगाई महागात पडते. दक्षिण आफ्रिकेतील २००८ सालच्या अभ्यासात लक्षणांची वाट न पाहता लगेच उपचार सुरू केलेल्या अर्भकांत मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले.

उपचारांच्या क्रमाबद्दल आपल्या तरुण सहकाऱ्यांना एक आवर्जून सांगतो. अतिकुपोषित मूल दाखल झाल्यावर पहिले काही दिवस रक्तातील साखर, शरीराची ऊब आणि जंतुसंसर्ग सांभाळायचा. आहार थोडा थोडा, दिवसरात्र. लोह त्या दिवसांत नको. मूल स्थिरावले की विषाणूविरोधी औषधे सुरू करावीत. भरपूर वजन वाढण्याची वाट पाहत बसू नये. वजन वाढू लागले की मात्रा पुन्हा पुन्हा मोजावी, कारण सात किलोच्या मुलाची मात्रा अकरा किलोच्या मुलाला अपुरी पडते. आणि वजन भरले म्हणजे प्रतिकारशक्ती भरली असे समजू नये. बोलिव्हियातील कोचाबांबा येथे कुपोषित मुलांची थायमस सोनोग्राफीने मोजली गेली. वजन महिन्याभरात सावरले, पण ग्रंथीला दोन महिने लागले. आहारासोबत जस्त दिल्यावर तो काळ कमी झाला. माझी छोटी रुग्ण वजनाच्या काट्यावर सुधारत होती. मी काट्याकडेच पाहत होतो.

आमच्या भागात कुपोषण म्हणजे घरात अन्न नाही असे सरसकट नसते. गोठ्यात दोन म्हशी असतात. दूध पहाटे डेअरीत जाते आणि पोराला कोरा चहा मिळतो. बाधित मातेच्या तान्ह्या बाळाला पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान द्यावे, असे आपण सांगतो. आजी मात्र मायेने घुटी उगाळते. डर्बन येथील १९९९ सालच्या अभ्यासात अंगावरच्या दुधासोबत वरचे काही दिलेल्या बाळांत संसर्ग निव्वळ स्तनपानावरील बाळांपेक्षा जास्त आढळला होता. म्हणून मी आईपेक्षा आजीशी अधिक वेळ बोलतो. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर हंगामात येणाऱ्या मुलांचा प्रश्न याहून अवघड आहे. औषधाचे केंद्र एका राज्यात, कोयता दुसऱ्यात. अशा घराला निघण्यापूर्वी जास्त दिवसांची औषधे मिळतील हे पाहावे लागते.

राष्ट्रीय कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे २००७ पासून, बेळगाव, कोल्हापूर आणि सांगली हे तिन्ही जिल्हे 'अ' वर्गात, म्हणजे अधिक प्रादुर्भावाच्या यादीत होते. आज नवे बाधित मूल क्वचित दिसते, हे गर्भवतींच्या तपासणीचे आणि औषधांचे मोठे यश. पण क्वचित दिसणाऱ्या आजाराचा विसरही लवकर पडतो. दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरलेल्या प्रत्येक मुलाच्या पालकांना मी आता तपासणीबद्दल विचारतो, घर कोणतेही असो. संमती लागते, गुप्तता पाळावी लागते. २०१७ च्या कायद्याने तर ती बंधनकारकच केली आहे.

कसे विचारावे, हा माझा जुना प्रश्न होता. दार लोटून घेतो, मुलाला मांडीवरच असू देतो आणि म्हणतो, "आजी, इतकं बारीक झालेल्या सगळ्याच पोरांचं रक्त मी तपासून घेतो. तुमच्या एकट्याचं नव्हे." काही जण त्याच दिवशी हात पुढे करतात. काही उठून जातात. त्यांच्या कागदावर पुढची तारीख घालून देतो, आठ दिवसांची. आणि ते आले नाहीत तर अंगणवाडीच्या बाईंना, कारण न सांगता, फक्त मुलाचे वजन करायला पाठवून द्या, असा निरोप धाडतो.