ना. वा. टिळक : अभंगातली ख्रिस्तभक्ती



नाताळची माहिती सांगताना आमच्या एकलहऱ्यातल्या एका मुलाने विचारलं, "सर, ख्रिश्चन लोक अभंग म्हणतात का?" वर्ग हसला. वर्गातला एकुलता ख्रिस्ती मुलगा मात्र मान खाली घालून बसला.

याचं उत्तर नाशिकजवळच सापडतं. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म जलालपूरचा. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तेव्हा मिशनऱ्यांचा भर पाप, तारण आणि धर्मांतर यांवर असे. टिळकांनी ख्रिस्त तोच ठेवला, वाट मात्र भक्तीची धरली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. अभंग, भजन, कीर्तन यांतून त्यांनी ख्रिस्तभक्ती मांडली. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. तिथे बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. १९१९ मध्ये ते गेले. अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.

धर्म बदलला म्हणून माणसाची भाषा परकी होत नाही, एवढंच मुलांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी परिपाठात त्या मुलाने घरचं भजन म्हटलं. टाळ्यांचा ठेका सगळ्या वर्गाने धरला.

तुमच्या वर्गातही असं एखादं मूल गप्प बसलंय का? नक्की बघा.