नववीत डोळे का मिटतात?

प्रश्न : आमच्या अनुदानित शाळेत टॉवरमधली आणि चाळीतली मुलं एकाच बाकावर बसतात. नववीतली काही मुलं तिसऱ्या तासालाच मान टाकतात, काही उगाच चिडतात. घरच्या परिस्थितीचा तब्येतीवर आणि मनावर इतका परिणाम होतो?
— एक शिक्षिका, भाईंदर (पूर्व)

उत्तर : होतो, बाई. तुम्ही नेमकं नववीबद्दल विचारलंत. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. सहावी ते आठवीच्या मुलाला त्यातून रोज ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा निकष आहे. उंची भराभर वाढण्याच्या वयातच हे ताट बंद होतं. आई-वडील पहाटेची विरार लोकल पकडत असतील किंवा भांड्यांच्या कारखान्यात लवकर जात असतील, तर मूल चहा-बिस्किटावर शाळेत येतं. त्यात एका खोलीत पाच माणसं, रात्री उशिरापर्यंत दिवा आणि टीव्ही. झोप पुरी होणार कशी?

रक्ताची कमतरता मात्र चाळीपुरती नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे ॲनिमिक आढळले. टॉवरमधल्या मुलींकडेही लक्ष ठेवा.

आता चिडचिडीबद्दल. गरिबीमुळे मुलं बिघडतात की बिघडलेली घरं गरीब राहतात, हा जुना वाद. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये संशोधक १९९३पासून मुलांच्या मानसिक आरोग्याची पाहणी करत होते. १९९६मध्ये तिथल्या चेरोकी आदिवासी कुटुंबांना कॅसिनोच्या नफ्यातला वाटा मिळू लागला. जी घरं त्यामुळे गरिबीतून वर आली, तिथल्या मुलांचं भांडखोर वागणं कमी होऊन कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकं झालं. नैराश्य आणि चिंता मात्र फारशी हलली नाही. मुलांवर लक्ष द्यायला आई-वडिलांना वेळ मिळाला, हे त्यामागचं मुख्य कारण संशोधकांना दिसलं. म्हणून ‘घरचे लक्षच देत नाहीत’ असा ठपका पालकांवर ठेवताना त्यांच्या कामाचे तास आधी विचारा.

तुमच्या हातात बरंच आहे. सहावी ते बारावीसाठी आठवड्याला एक निळी लोहगोळी देण्याची सरकारी योजना अनुदानित शाळांसाठीही आहे. ती नियमित आणि पोटात अन्न असताना दिली जाते ना, ते पाहा. मान टाकणाऱ्या मुलाला एकटं गाठून ‘सकाळी काय खाल्लंस, रात्री किती वाजता झोपलास?’ एवढं विचारा. मन फार खचलेलं वाटलं तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं. तो क्रमांक वर्गातल्या फळ्यावर लिहून ठेवा, म्हणजे कुणाला तो मागावा लागणार नाही.