गाळ स्वतःला किती साफ करतो?



पनवेलजवळच्या एका कातकरी वाडीवर मी आरोग्याचा वर्ग घेते. पावसाळ्यानंतर एका मावशीने मला अडवून विचारलं, "बाई, नाल्याच्या गाळात विषारी औषध खाणारे किडे असतात म्हणं. मग तिथले खेकडे धरले तर काय झालं?" कोणीतरी तिला अर्धीच गोष्ट सांगितली होती. तिच्या टोपलीत त्या दिवशीच्या कालवणाचे खेकडे होते, म्हणून उरलेली अर्धीही आपण समजून घेऊ.

डीडीटीचंच उदाहरण घ्या. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घराघरांच्या भिंतींवर ही पावडर फवारली गेली. त्या फवारणीने कित्येकांचे प्राण वाचले, हेही विसरू नये. शेतीसाठी तिचा वापर आपल्या देशात १९८९ मध्ये बंद झाला. पण ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मातीच्या कणांना चिकटून वाहते, गाळात बसते आणि तिथून मासे-खेकड्यांच्या चरबीत साठते.

नाल्यातला काळा गाळ ढवळला की कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. तिथे हवा पोहोचत नाही, याची ती खूण. अशा जागी राहणारे काही जंतू डीडीटीच्या रेणूतल्या पाच क्लोरीनपैकी एक काढतात आणि त्या जागी हायड्रोजन बसवतात. तयार होतो तो डीडीडी. तोही विषारीच, आणि तोही वर्षानुवर्षं टिकतो. काम सुरू होतं, पण तिथेच रेंगाळतं.

काही विषांच्या बाबतीत जंतू शेवटपर्यंत जातात. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात 'डीहॅलोकोकॉइड्स' नावाचा जंतू वेगळा करण्यात आला. आपण श्वासासाठी ऑक्सिजन वापरतो, तसा हा क्लोरीनयुक्त रसायनं वापरतो. कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगच्या द्रावणातले चार क्लोरीन एकेक करून काढतो आणि शेवटी इथिलीन उरतो, केळी पिकवणारा तोच वायू. मात्र हवा लागली की हा मरतो. त्याला हायड्रोजन लागतो, म्हणून जमिनीखाली मळी किंवा वनस्पती तेल सोडून इतर जंतूंकडून तो तयार करवून घेतात. आणि काम मध्येच थांबलं तर व्हिनाइल क्लोराइड उरतो, ज्याने कर्करोग होतो. म्हणजे अर्धवट सफाई मूळ घाणीपेक्षा वाईट! बाटलीतले जंतू ओतले की नाला साफ, असं कोणी सांगत आलं, तर आधी आणि नंतर गाळाची तपासणी कोण करणार, एवढं जरूर विचारा.

न्यूयॉर्कजवळच्या हडसन नदीच्या गाळातले जंतू पीसीबी नावाच्या रसायनांतला क्लोरीन काढतात, हे १९८० च्या दशकातच दिसलं होतं. तरी २००९ ते २०१५ या काळात तो गाळ यंत्रांनी उपसावा लागला.

मावशीला मी एवढंच सांगितलं: कारखान्यांचं पाणी मिळतं त्याच्या खालच्या अंगाला खेकडे धरू नका, वरच्या ओढ्यावर जा. माशाची कातडी आणि चरबी काढून टाका, खेकड्याच्या पाठीखालचा पिवळा मगज खाऊ नका आणि ज्या पाण्यात खेकडे उकडले, ते ओतून द्या.

"वर जायला तास लागतो," ती म्हणाली. मग टोपलीकडे बघून हसली, "आणि बाई, तो पिवळा मगजच तर गोड लागतो."