गाडी गेली, रेघ उरली

प्रश्न : पावसाळी रात्री सीएसएमटीसमोर ट्रायपॉड लावून चार सेकंदांचं शटर ठेवलं. दिव्यांच्या लाल-पांढऱ्या रेघा झकास आल्या, पण गाड्याच गायब, माणसंही गायब! शिवाय डबक्यातलं इमारतीचं प्रतिबिंब धूसर. असं का होतं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : गाड्या पळवल्या त्या तुमच्याच चार सेकंदांनी. ताशी ४० किलोमीटरनं जाणारी टॅक्सी तेवढ्या वेळात सुमारे ४४ मीटर पुढे जाते. सेन्सरवरच्या कुठल्याही एका जागी तिचं काळं-पिवळं अंग क्षणभरच येतं. तिथेच मागची इमारत मात्र उरलेला सगळा वेळ आपला प्रकाश जमा करत असते. टॅक्सीचं काय उरणार? तिचा टेललाइट एवढा प्रखर, की त्या क्षणभरातही तो खूण सोडून जातो.

हा प्रकार फोटोग्राफीइतकाच जुना आहे. १८३८च्या सुमारास लुई दागेरनं पॅरिसच्या बुलेव्हार द्यु ताँप्ल या गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला, तोही भर दिवसा, आणि रस्ता जवळजवळ ओस दिसला. एक्स्पोजर काही मिनिटांचं होतं. ठळक उमटला तो बूट पॉलिश करून घेणारा माणूस, कारण तो जागचा हलला नव्हता. तुमच्या फोटोतही बसची वाट पाहत उभा असलेलाच येईल, लोकल पकडायला धावणारा नाही.

माणसं हवी असतील तर शटर १/१५ सेकंदाच्या आसपास आणा. चालणारा माणूस तेवढ्यात आठ-नऊ सेंटिमीटरच सरकतो. पाय फरकटतात, धड ओळखू येतं. मला स्वतःला हेच फोटो आवडतात. नुसत्या रेघांचा फोटो कुठल्याही शहराचा असू शकतो.

रेघा फिकट वाटल्या की बरेच जण शटरचा वेळ वाढवतात. त्यानं रेघ लांब होते, उजळ होत नाही, कारण हलता दिवा एका बिंदूवर थांबतच नाही. तिचा उजळपणा ॲपर्चर आणि आयएसओ ठरवतात. शटरच्या वेळेनं उजळते ती स्थिर इमारत. म्हणून आधी रेघांकडे पाहून ॲपर्चर ठरवा (एफ ११ आणि आयएसओ १००पासून सुरुवात करा), मग इमारतीकडे पाहून शटर. आणि एखादी रेघ तुटक-तुटक आली तर कॅमेरा दुरुस्तीला नेऊ नका. बरेच एलईडी दिवे भराभर चालू-बंद होत असतात, आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही एवढंच.

आता प्रतिबिंब. तुम्ही बहुधा डबक्यावर फोकस केला. पाण्यात दिसणारी इमारत पाण्याच्या पृष्ठभागावर नसते. कॅमेऱ्यापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून इमारतीपर्यंत, या दोन्ही अंतरांची बेरीज करा. लेन्सच्या लेखी ती तेवढी लांब असते. तेव्हा फोकस थेट इमारतीवर करा. डबक्याची कड थोडी पुसट होईल, होऊ द्या. पाऊस चालू असेल तर मात्र फोकस कितीही नेमका असला तरी उपयोग नाही, चार सेकंदांतले सगळे तरंग एकमेकांत मिसळतात. सर थांबेपर्यंत चहा घ्या.

आणि कॅमेरा खाली न्या. सरळ वरून पाहिलं तर पाणी जेमतेम दोन टक्के प्रकाश परतवतं. पृष्ठभागाशी दहा अंशांच्या कोनातून पाहिलं तर एक तृतीयांशाहून जास्त. पोलरायझर लावला असेल तर काढा, तो प्रतिबिंबच खातो. मोबाइल असेल तर उलटा धरा, म्हणजे लेन्स पाण्याला जवळजवळ टेकते. फक्त त्यातला नाइट मोड बंद ठेवा. हललेलं पुसून टाकायचा तो प्रयत्न करतो आणि तुमच्या रेघाच घालवतो. प्रो मोडमध्ये शटर हातानं ठरवता येतं.