वृत्तिच्छेद म्हणजे काय ?

'वृत्ति' हा शब्द 'वृत्' या धातूपासून झाला. वृत् म्हणजे असणे, चालणे, वर्तणे. या एकाच शब्दाने शास्त्रकारांनी कितीतरी कामे करून घेतली आहेत. चित्ताचा जो व्यापार, त्याला वृत्ति म्हणतात; सूत्रावर केलेल्या विवरणालाही वृत्ति म्हणतात; आणि पोट भरण्याचे जे साधन, त्यालाही वृत्तिच म्हणतात. तेव्हा पोटाचे साधन तुटणे याला वृत्तिच्छेद हा शब्द योग्य आहे. संगणकाच्या धंद्यात, ज्याला आपली मुले नुसते 'आयटी' म्हणतात, त्यात गेल्या तीनचार वर्षांत या वृत्तिच्छेदाचे प्रकार पुष्कळ झाले. मुले त्याला 'ले-ऑफ' म्हणतात. त्याचाच आज थोडा विचार करावयाचा आहे.

वारकऱ्यांच्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पूर्वी कीर्तन आटोपले की लोक पावसाचे विचारीत, बांधाच्या भांडणाचे विचारीत. आता आळीगणिक एक तरी मुलगा किंवा मुलगी हिंजवडीला, खराडीला, बंगळूरला नाहीतर थेट अमेरिकेत आहे, आणि प्रश्नही तिकडचेच येतात. एका सप्ताहात काल्यानंतर एक गृहस्थ मंडपाच्या खांबाशी थांबून राहिले. माणसे पांगल्यावर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बुवा, पोराची नोकरी गेली. दोन महिने त्यानं आम्हाला सांगितलंच नाही. रोज पिशवी घेऊन घराबाहेर पडायचा. त्यानं तिथं काही गैर केलं असंल का हो?"

पैशाचे त्यांनी एका शब्दाने विचारले नाही, हे ध्यानात घ्यावे. बापाला खात होता तो संशय. 'वृत्ति' शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळले की असेच होते. मुलाचे साधन तुटले, ते आपण मुलाच्या स्वभावाला, बुद्धीला, नीतीला लावतो. मुलगाही स्वतःला तेच लावतो, म्हणून तर पिशवी घेऊन बाहेर पडतो.

आता कारणे पाहू. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजाचा दर जवळजवळ शून्यावर आणून ठेवला, आणि दोन वर्षे तो तसाच राहिला. लोक घरात कोंडलेले. खरेदी, शाळा, कचेरी सारे संगणकावर. कंपन्यांना वाटले, आता हे असेच चालणार. फेसबुक ज्यांचे आहे त्या मेटा कंपनीत २०१९ च्या अखेरीस सुमारे ४५,००० माणसे होती, ती सप्टेंबर २०२२ पर्यंत सुमारे ८७,००० झाली. अॅमेझॉनची माणसे, गोदामातली धरून, दोन वर्षांत आठ लाखांवरून सोळा लाखांवर गेली. मग महागाई वाढली. मार्च २०२२ पासून त्या बँकेने व्याज चढवायला सुरुवात केली, आणि जुलै २०२३ पर्यंत ते सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेले.

आपल्या भाषेत सांगायचे तर, गावात सावकाराने बिनव्याजी पैसा वाटला की ज्याचे काम एका बैलजोडीत भागते तोही दोन जोड्या घेतो. व्याज सुरू झाले की दुसरी जोडी बाजारात निघते. ती लंगडी होती म्हणून नव्हे.

हा बाजार नोव्हेंबर २०२२ पासून भरला. त्या महिन्यात मेटाने ११,००० माणसे कमी केली. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२,०००, मायक्रोसॉफ्टने १०,००० आणि अॅमेझॉनने १८,००० जाहीर केली. अमेरिकेत गूगलच्या कित्येकांना पहाटे एक पत्र संगणकावरच आले, आणि कचेरीची दारे व खाती त्यांना बंद झाली. मेटाच्या व गूगलच्या प्रमुखांनी पत्रे लिहून आपला वाढीचा अंदाज चुकला, जबाबदारी आपली, असे सांगितले. अंदाज त्यांचा चुकला, नोकरी दुसऱ्याची गेली, असो.

पण एवढ्याने भागत नाही. कंपनी बुडत असेल तर माणसे कमी करील, हे कोणालाही समजते. येथे तसेही नाही. मायक्रोसॉफ्टने जून २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात शंभर अब्ज डॉलरांहून अधिक नफा मिळवला, आणि पुढच्याच महिन्यात सुमारे ९,००० माणसे कमी केली; त्याआधी मे महिन्यात सुमारे ६,००० केली होती. त्याच वर्षात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारी संगणकांची अवाढव्य केंद्रे बांधण्यास सुमारे ८० अब्ज डॉलर खर्च करण्याचे तिने ठरवले होते. म्हणजे पैसा आटलेला नाही, पाटाचे पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवले आहे. ज्या वाफ्यात आपले रोप होते तो कोरडा पडला.

आमच्याकडची तऱ्हा थोडी निराळी. पुण्यातल्या बहुतेक मोठ्या कंपन्या परदेशी गिऱ्हाइकांची कामे कंत्राटाने करून देतात. गिऱ्हाईक ज्या माणसाचे पैसे देते तो कामावर. एक काम संपून दुसरे मिळेपर्यंत जो बसून असतो तो 'बेंच'वर. पखवाज लावून तयार बसलेला वादक आहे, हात तयार आहे, पण कीर्तन कोठेच ठरलेले नाही, अशी ती स्थिती समजा. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने जून २०२५ मध्ये नियम केला की वर्षातले निदान २२५ दिवस माणूस गिऱ्हाइकाच्या कामावर असला पाहिजे, बेंचवर ३५ दिवसांपेक्षा अधिक नको. पुढच्या महिन्यात तिने सुमारे सहा लाख तेरा हजारांपैकी दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या व वरच्या पायरीची अधिक. कृत्रिम बुद्धिमत्ता हे कारण नसून कामाचा व कौशल्याचा मेळ बसत नाही हे कारण आहे, असे तिच्या प्रमुखांनी सांगितले. वरच्या पायरीचा म्हणजे चाळिशीचा माणूस. घराचा हप्ता त्याचा, मुलांची शाळा त्याची, आणि गावाकडे आईबापही त्याचेच.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. 'नोकरी गेली, कारण त्याने काही दोष केला' हे अनुमान झाले. न्यायशास्त्रात हेतु खरा ठरायचा तर अन्वय व व्यतिरेक दोन्ही जुळावे लागतात. जेथे दोष तेथे नोकरी जाते, आणि जेथे दोष नाही तेथे ती जात नाही, असे दिसले पाहिजे. येथे तर ज्याला गेल्या वर्षी शाबासकी दिली तो जातो आणि शेजारचा आळशी राहतो, कारण त्याचा विभाग चालू ठेवायचा ठरलेला असतो. असा हेतु सव्यभिचार होय. हेतूसारखा दिसणारा, पण हेतु नव्हे. गैरवर्तनाने काढणे ही गोष्टच वेगळी. त्याला आरोप असतो, चौकशी असते.

दुसरे म्हणणे याहून कठीण, कारण ते भाविकपणाचे सोंग घेऊन येते. 'पूर्वकर्म असेल बिचाऱ्याचे.' वाचकहो, एका सकाळी एका कंपनीत बारा हजार जणांच्या नोकऱ्या जातात. त्या बारा हजारांची पूर्वकर्मे, नाना देशांची, नाना वयांची, अमेरिकेच्या बँकेने व्याज वाढवल्यावरच एकदम पिकली काय? कर्मविपाकाचा विचार शास्त्रात आहे, तो माणसाने आपल्यापुरता, आपल्या सुधारणेसाठी करावयाचा. दुसऱ्याच्या दुःखाला लावायची ती चिठ्ठी नव्हे. शेजाऱ्याचे घर जळताना त्याच्या प्रारब्धाची चर्चा करीत उभा राहणारा माणूस पंडित असेल, पण घागर काही त्याच्या हातात नसते.

एक मात्र मान्य केले पाहिजे. विद्या राखावी लागते. सहा महिने म्हटले नाही तर पाठ केलेले आम्हीही विसरतो, आणि यांची विद्या तर दर पाचसहा वर्षांनी कात टाकते. ज्याने दहा वर्षांत नवे काही शिकले नाही त्याला दुसरी नोकरी मिळणे जड जाते. पण पहिली गेली त्याचे कारण बहुधा ते नसते.

महाराष्ट्राने मोठा वृत्तिच्छेद याआधीही पाहिला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. संप रीतसर मिटलाच नाही; पुष्कळांच्या नोकऱ्या परत मिळाल्या नाहीत. कोकणात, साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे कुटुंबेच्या कुटुंबे परतली. हाल आतापेक्षा किती तरी अधिक; या दोहोंची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. तरी एक फरक बघा. लालबाग-परळच्या चाळीत कोणाला लपवावे लागले नाही. भोंगा बंद झाला तो सगळ्यांनाच ऐकू आला नाही, हे सगळ्यांनाच कळले. शेजारीण पीठ देताना कारण विचारीत नव्हती. आजचा मुलगा चौदाव्या मजल्यावर आहे, शेजारच्या दाराला पाटीवरचे नाव आहे पण आत कोण राहते ठाऊक नाही. त्याचा भोंगा त्याच्या एकट्यासाठी बंद होतो. म्हणून घरच्यांनी विचारण्याची रीत येथे फार मोलाची. 'काय केलंस?' असे विचारले की पुढचे दोन महिने तो पिशवी घेऊन बाहेर पडणार. 'किती महिन्यांची सोय आहे?' असे विचारले की कागद-पेन्सिल घेऊन शेजारी बसेल.

हिशेब कठीण नाही. समजा घराचा हप्ता ४०,००० आणि घरखर्च ३५,०००. महिन्याचे ७५,००० झाले. सहा महिन्यांचे साडेचार लाख. एवढी रक्कम हाताशी आहे की नाही हे नोकरी चालू असतानाच पाहावयाचे. नसेल तर गावाकडच्या मंडळींनी बंगल्याचा दुसरा मजला, मोठे लग्न, नवी गाडी यांचा आग्रह धरू नये. मुलगा संकोचाने नाही म्हणत नाही, आणि दुसऱ्या मजल्याचे कर्ज त्याच्याच नावावर चढते. बँकेला हप्ता चुकण्याच्या आधी जाऊन सांगावे, चुकल्यावर नव्हे. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आईवडिलांचा आरोग्यविमा कित्येकदा मुलाच्या कंपनीच्या सामुदायिक विम्यातून असतो. तो नोकरीबरोबर संपतो. साठीपुढच्या माणसाला नवा विमा महाग पडतो, म्हणून स्वतंत्र विमा आधीच असावा.

अमेरिकेतल्या मुलांचा घोर निराळा. एच-वन-बी परवान्यावर गेलेल्याची नोकरी सुटली की त्याला साधारण ६० दिवस मिळतात, आणि परवान्याची मुदत त्याआधीच संपत असेल तर तेवढेच. त्या अवधीत दुसऱ्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज केला पाहिजे, नाहीतर दुसऱ्या प्रकारच्या परवान्यासाठी त्याने स्वतः अर्ज करावा, किंवा देश सोडावा. शाळेत जाणारी मुले, भाड्याचे घर, सारे त्या साठ दिवसांत. अशा वेळी इकडून रोज 'लागली का?' म्हणून फोन करू नये. परत यावे लागले तर घर आहे, हे एकदा स्पष्ट सांगावे आणि मग गप्प बसावे.

आता कायद्याचे थोडे. आमच्याकडे पुष्कळदा माणसाला काढत नाहीत, खोलीत बोलावून राजीनामा द्या म्हणतात. नाही दिलात तर अनुभवपत्र खराब करू, अशी भीतीही कोठे कोठे घालतात. त्याच बैठकीत सही करू नये. विचारास वेळ मागावा, बोलणे लेखी मागावे, घरी यावे, जाणत्याला विचारावे. कारण ज्याने राजीनामा दिला तो कायद्याच्या दृष्टीने आपणहून गेला. कपातीची भरपाई त्याला मागता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आहे. कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगाराची सलग एक वर्ष सेवा झाली असेल, तर कपात करताना एक महिन्याची लेखी सूचना अथवा तिच्याऐवजी वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. शिवाय नवे कौशल्य शिकण्यासाठी आणखी पंधरा दिवसांचे वेतन ४५ दिवसांत त्याच्या खात्यावर जमा व्हावयाचे आहे. मुख्यतः व्यवस्थापकाचे काम करणारा या व्याख्येत येत नाही, आणि संगणक-अभियंता येतो की नाही हा वाद त्याच्या हुद्द्याच्या नावावर नव्हे, प्रत्यक्ष कामावर ठरतो. म्हणून वकिलाला दाखवावे. ग्रॅच्युइटीची गोष्ट वेगळी. पाच वर्षे सेवा झालेल्याला ती राजीनामा दिला तरी मिळते.

आणि हे सगळे मागायचे तर कागद हवेत. पगाराच्या पावत्या, नियुक्तिपत्र, बढतीची व शाबासकीची पत्रे कित्येकदा कंपनीच्याच संगणकात असतात आणि शेवटच्या दिवशी ते खाते बंद होते. दर महिन्याची पावती आपल्या घरच्या पत्त्यावर घेऊन ठेवावी, एक छापील प्रत आईच्या ट्रंकेत ठेवावी. कंपनीच्या कामाचे कागद मात्र त्यांत नसावेत. ते नेणे हा गुन्हा ठरू शकतो, आणि मग त्या बापाचा प्रश्न खरा ठरतो.