धंदा आणि धम्म

समाजसेवा वर्गणीवर आणि धंदा नफ्यावर, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. तथागतांनी ती केली नाही. गृहस्थाने मिळकतीचा एक भाग उपभोगावा, दोन भाग व्यवसायात घालावेत, चौथा अडचणीसाठी राखावा, असा उपदेश सिगालोवाद सुत्तात आहे. जेतवन दान देणारा अनाथपिंडिक व्यापारीच होता.

अलीकडचे उदाहरण लिज्जत पापडाचे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील ७ भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. देणगी घ्यायची नाही, हा नियम केला. १९६६ साली संस्था नोंदवली. तेथे पापड लाटणारी भगिनीच मालकीण, नफा-तोटा सर्वांचा.

आपल्या भिवंडीत यंत्रमागावर कापड विणणारे हात आपले, मालकी दुसऱ्याची. वर्गणीतून वह्यावाटप जरूर व्हावे. पण वह्या भरल्या की ती मदत संपते. म्हणून आम्ही सुचवितो : भगिनींनी शिवणकामाचा गट काढावा, मंडळाने पहिले भांडवल दान नव्हे, उसने द्यावे आणि विद्यार्थ्यांनी हिशेब लिहून सर्वांसमोर वाचावा. परत आलेल्या रकमेतून दुसरा गट उभा राहील. घेणारे हात देणारे होतील.

जय भीम!