चवदार तळ्यापासून संविधानापर्यंत : वंचितांनी घडविलेले राष्ट्र

राष्ट्राचा इतिहास म्हणजे राजांच्या वंशावळी, लढाया, तह आणि थोर नेत्यांची चरित्रे, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ आहे. त्या इतिहासात बहुजनांना आणि विशेषतः अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला जागा मिळाली, तरी ती बहुधा शेवटच्या एखाद्या परिच्छेदात मिळते. आणि तेथेही त्यांचा उल्लेख ‘ज्यांचा उद्धार करण्यात आला’ असे लोक म्हणून येतो. वाक्यरचना कर्मणी असते. कोणीतरी दिले, कोणीतरी उघडले, कोणीतरी सवलत बहाल केली. ही वरवर व्याकरणाची बाब वाटते. परंतु तिचा परिणाम आपल्या मुलांच्या मनावर होतो. ज्याला आपण केवळ घेणारे आहोत असे शिकविले जाते, तो आपल्या हक्काकडेही उपकार म्हणून पाहू लागतो.

म्हणून या लेखात एकच प्रश्न तपासायचा आहे. आजच्या भारताची जी ओळख आपण सांगतो, म्हणजे समान नागरिकत्व, प्रत्येकाला एक मत, अस्पृश्यतेचे निर्मूलन आणि बंधुता, तिच्या घडणीत वंचित समाजाने स्वतः काय केले? उत्तरासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. महाडच्या एका तळ्यापासून निघाले, तरी वाट थेट संविधान सभेपर्यंत पोहोचते.

महाडपूर्वीची पेरणी

जुन्या गावगाड्यात गावाच्या शिवेवरून तंटा झाला की महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. शीव कोठून जाते हे त्याला ठाऊक असे आणि त्याच्या शब्दावर गावाच्या हद्दी ठरत. मात्र ज्याच्या शब्दाने गावाची शीव ठरे, त्याचे घर गावकुसाबाहेर असे. गाव उभे राहण्यास ज्याचे श्रम आणि ज्ञान लागते, त्यालाच गावात मोजले जात नाही, हा विरोधाभास पुढे राष्ट्राच्या पातळीवरही दिसतो.

हा विरोधाभास शब्दांत मांडणाऱ्या आरंभीच्या व्यक्तींपैकी एक शाळकरी मुलगी होती, याचा आपल्यासारख्या विद्यालयाला विशेष अभिमान वाटावा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ताचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वेद वाचण्याचा अधिकार आम्हांला नसेल तर आमचा धर्म कोणता, असा रोखठोक प्रश्न तिने विचारला. पुढे लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी महाडच्या परिसरातून अस्पृश्यतेविरुद्ध लेखन केले आणि लष्करभरतीचे बंद झालेले दार पुन्हा उघडावे म्हणून १८९४ मध्ये अर्ज तयार केला. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र सुरू केले आणि १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठविला. निबंध, अर्ज, वृत्तपत्र ही त्या पिढीची साधने होती. शस्त्र हाती नव्हते आणि सत्ताही नव्हती. परंतु आपण या देशाचे नागरिक आहोत, ही भूमिका ती पिढी कागदावर नोंदवीत राहिली.

तळे : ठराव आणि वास्तव

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेल्या व राखलेल्या पाणवठ्यांचा, विहिरींचा, धर्मशाळांचा तसेच सरकारी शाळा, न्यायालये व दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर प्रश्न सुटला होता. प्रत्यक्षात तळ्याकाठी जाण्याची कोणाची छाती नव्हती. अन्यधर्मीय माणसे तेथे पाणी भरीत, जनावरेही तेथे पाणी पीत. केवळ अस्पृश्य मानलेल्या माणसाला मज्जाव होता.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्या तयारीत रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांचा मोठा वाटा होता. परिषदेला आलेल्या हजारो लोकांना पिण्यासाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे शेजारी होते, ते खुले असल्याचा ठराव नगरपालिकेच्या दप्तरी होता आणि तरीही पाणी विकत घ्यावे लागत होते. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक शिस्तीने तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले आणि मागोमाग इतरांनीही. अस्पृश्य आता मंदिरात शिरणार, अशी अफवा त्यानंतर गावात पसरविण्यात आली आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. पुढे पंचगव्याचे १०८ घडे ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला जुना ठरावही मागे घेतला.

या घटनाक्रमात एक ऐतिहासिक धडा आहे. कायदे मंडळाचा ठराव आपोआप हक्क होत नाही. तो वापरण्यासाठी माणसे चालत जावी लागतात. ठराव १९२३ चा, परंतु त्याला अर्थ आला तो २० मार्च १९२७ ला. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांसारखे स्पृश्य समाजातील सहकारी या लढ्यात खांद्याला खांदा लावून होते, हेही कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे. वंचितांचा लढा हा कोणा जातीविरुद्धचा लढा नसून माणुसकीसाठीचा लढा होता, याची ती साक्ष आहे.

डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली. मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेत मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला आणि बाबासाहेबांनी या सभेची तुलना १७८९ मधील फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली. त्या काळी अनेकांना ही तुलना अतिशयोक्त वाटली असेल. कोकणातील एका लहान गावी जमलेले, बहुसंख्येने निरक्षर असे श्रमिक लोक; त्यांची बरोबरी जगाचा इतिहास बदलणाऱ्या सभेशी! तथापि बाबासाहेबांची दृष्टी अचूक होती. पाण्याचा घोट हे निमित्त होते. समाजाची नवी रचना हे उद्दिष्ट होते.

रूढीचा खटला

डिसेंबरच्या परिषदेपूर्वीच प्रतिपक्षाने दिवाणी दावा दाखल करून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला होता. लोक तुरुंगात जाण्यास सिद्ध होते; तरीही न्यायालयाचा मान राखून बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला आणि लोकांनी तो मानला. खटला जवळपास १० वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला.

या निकालाचा आधार मात्र लक्षपूर्वक पाहावा. माणूस म्हणून सर्वांना समान हक्क आहेत, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. तसा कायदाच तेव्हा नव्हता. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादि काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून त्यांचा दावा फेटाळला गेला. ती रूढी सिद्ध झाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. आपला पक्ष न्यायालयात जिंकला, पण रूढी जिवंत राहिली. जोवर रूढीला कायद्याचे बळ आहे, तोवर प्रत्येक तळ्यासाठी दहा-दहा वर्षे खटला लढावा लागेल, हे या निकालातून दिसून आले.

संविधानातील पाऊलखुणा

आता संविधान उघडावे. अनुच्छेद १३ नुसार मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले कायदे त्या मर्यादेपर्यंत शून्य ठरतात आणि ‘कायदा’ या शब्दात कायद्याचे बळ असलेली रूढी व परिपाठ यांचाही समावेश होतो. महाडच्या खटल्यात जिचा आधार घेण्यात आला, ती रूढी आता मूलभूत हक्काला अडवू शकत नाही.

अनुच्छेद १५(२) पाहावा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकावर निर्बंध असणार नाही, असे तो सांगतो. देशाच्या सर्वोच्च कायद्यात विहीर आणि तलाव हे शब्द यावेत, ही बाब सहज वाचून पुढे जाण्यासारखी नाही. ज्यांना पाणी कधी नाकारले गेले नाही, त्यांना हे शब्द लिहिण्याची गरज भासण्याचे कारण नव्हते. अर्थात ही मागणी तोवर एकट्या वंचितांची राहिली नव्हती. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावातही विहिरी, तलाव, रस्ते व शाळा यांवर सर्वांचा समान हक्क मान्य केलेला आढळतो. महाड त्याआधी चार वर्षे घडले होते. बहिष्कृतांनी उचललेला प्रश्न राष्ट्राचा प्रश्न कसा होतो, याचे हे उदाहरण आहे.

अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने ही तरतूद स्वीकारली. अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली. महारवतनाच्या नावाखाली पिढ्यान् पिढ्या राबविल्या गेलेल्या समाजाला या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही. १९२८ मध्येच बाबासाहेबांनी वतनाच्या या जोखडाविरुद्ध मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले होते.

या कलमांचे आणखी एक वैशिष्ट्य विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. मूलभूत हक्क हे सामान्यतः शासनाच्या सत्तेला घातलेले लगाम असतात. १५(२), १७ आणि २३ हे अनुच्छेद मात्र खासगी व्यक्तीलाही बांधून ठेवतात. याचे कारण भारतीय अनुभवात आहे. येथे वंचितांचा छळ केवळ राजाने केला नाही. शेजाऱ्याने, दुकानदाराने, सावकाराने आणि गावाने केला. स्वातंत्र्याच्या कल्पनेत ही भर घालण्याची दृष्टी वंचितांच्या जगण्यातून आली आहे.

मताधिकाराचेही असेच आहे. ब्रिटिश काळात मतदानासाठी मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न मांडला आणि १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. संविधान सभेत दाक्षायणी वेलायुधन ही एकमेव दलित स्त्री सदस्य होती. आदिवासींच्या वतीने बोलताना जयपालसिंग मुंडा यांनी, लोकशाही आदिवासींना शिकवायची नसून त्यांच्याकडून शिकायची आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. सभा एका माणसाची नव्हती. परंतु या आवाजांवाचून ती अपुरी राहिली असती.

बंधुता आणि धम्म

१३ डिसेंबर १९४६ रोजी मांडल्या गेलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात न्याय, स्वातंत्र्य आणि समता होती, बंधुता नव्हती. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने ती उद्देशिकेत घातली. समता कायद्याने देता येते, पण ती टिकते माणसाच्या माणसाशी असलेल्या नात्यावर. १९५४ मधील आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट केले की, आपण स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नसून भगवान बुद्धांच्या शिकवणीतून घेतली आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी धम्म स्वीकारला, तेव्हा या विचाराला आचाराची जोड मिळाली. सारनाथचा सिंहस्तंभ आणि राष्ट्रध्वजावरील धर्मचक्र ही राष्ट्राची चिन्हे १९५६ पूर्वीच ठरली होती. परंतु ज्या परंपरेतून ती आली, ती परंपरा या भूमीवर पुन्हा घराघरांत जगती केली ती येथल्या सर्वांत वंचित माणसांनी.

आपले कर्तव्य

हा इतिहास आपल्यापर्यंत आपोआप आलेला नाही. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी आयुष्य वेचून चरित्रखंड लिहिले. वसंत मून यांनी बाबासाहेबांच्या साहित्याच्या संपादनासाठी अपार कष्ट घेतले. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांना गावोगाव जाऊन भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ मध्ये सिद्ध केला नसता, तर त्या मायमाउल्यांपैकी अनेकींची नावेही आपल्याला कळली नसती.

तरीही पुष्कळ काही अजून घराघरांतल्या पेट्यांत आहे. वतनाच्या जमिनीचे कागद, गिरणीतील नोकरीचा बिल्ला, शाळा सोडल्याचा दाखला, जलशाच्या गाण्यांची वही, दीक्षेच्या दिवशी नेसलेले पांढरे लुगडे ही सारी इतिहासाची साधने आहेत. १९५६ मध्ये दहा-बारा वर्षांची असलेली पिढी आज ऐंशीच्या आसपास किंवा त्यापुढे आहे. तिच्या आठवणी तिच्याबरोबर गेल्या, तर आपला इतिहास पुन्हा इतरांच्या कर्मणी वाक्यांत लिहिला जाईल.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आग्रहाची विनंती आहे. आपल्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसा. गावात पाणी कोठून आणीत होतो, शाळेत कोठे बसवीत होते, पहिले मत केव्हा दिले, दीक्षेला कसे गेलो, हे विचारा. तारीख, गाव, नावे यांसह लिहून ठेवा. आठवण आणि ऐकीव यांतला फरक नोंदवा; अतिशयोक्ती करू नका, कारण आपल्या इतिहासाला तिची गरज नाही. ते लेखन या विद्यालयाच्या ग्रंथालयात आणून द्या. येथे शिकणाऱ्या मुलामुलींनी इतिहासाच्या तासाला आपल्या आजी-आजोबांचे लिखाण वाचावे आणि कर्तरी प्रयोगात म्हणावे : आम्ही चाललो, आम्ही पाणी घेतले, आम्ही हे राष्ट्र घडविले.

नमो बुद्धाय! जय भीम!